सिम कोणाच्या नावावर? कंपालातल्या निर्वासितांच्या कमाईचा प्रश्न

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तंबू आणि धान्याची रांग येते. युगांडाची राजधानी कंपालामध्ये चित्र वेगळं आहे. युगांडात १५ लाखांहून जास्त निर्वासित आहेत, आफ्रिकेत सर्वाधिक. २००६ च्या कायद्याने त्यांना काम करायचा आणि देशात फिरायचा हक्क दिलाय. पण जमिनीचा तुकडा आणि रेशन मिळतं ते ग्रामीण वसाहतींमध्ये. शहरात आलात तर तुमचं तुम्ही बघा.

मग लोक बघतात. काँगोतून आलेल्या बायका रंगीत किटेंगे कापड दारोदार फिरून विकतात, किसेन्यी भागात सोमाली लोकांची दुकानं आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कंपालातले २१ टक्के निर्वासित दुसऱ्या कुणाला तरी कामावर ठेवत होते, आणि त्या कामगारांपैकी ४० टक्के युगांडाचेच नागरिक होते. 'आमच्या नोकऱ्या खातात' म्हणणाऱ्या काकांना हा आकडा जरूर फॉरवर्ड करा.

आता आपल्या विषयाकडे येऊ. तिथे पैसे फिरतात ते मोबाइल मनीवर. यूपीआयसाठी आधी बँक खातं लागतं. तिथे सिमवरच खातं. साध्या बटणांच्या फोनवर *१६५# दाबायचं, पिन टाकायचा, पैसे गेले. नेटही लागत नाही. म्हणजे सिम नसेल तर गिऱ्हाइकाचे पैसे घेणार कसे? आणि सिमला ओळखपत्र हवं. निर्वासितांची कागदपत्रं चालत नसल्यामुळे अनेकजण ओळखीच्या युगांडन माणसाच्या नावावर सिम घ्यायचे.

इंजिनिअर म्हणून मला यातला धोका लगेच दिसतो. पिन तुमच्याकडे असला तरी सिस्टिमच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. त्याने 'सिम हरवलं' सांगून डुप्लिकेट काढलं, पिन बदलून घेतला, की तुमचं भांडवल गेलं. तक्रार तरी कुठल्या नावाने करणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने निर्वासितांच्या सरकारी कागदपत्रांवर त्यांच्याच नावाने सिम द्यायची परवानगी दिली. ना ब्लॉकचेन, ना नवं अ‍ॅप. फक्त एक आदेश. ज्यांची नोंदणीच रखडली आहे त्यांना मात्र त्याचा उपयोग नाही. आणि फेरीवाल्याचा परवाना हे प्रकरण वेगळंच. तो नसला की पालिकेची माणसं माल उचलून नेतात, मग सिम कोणाच्याही नावावर असो.