गणित सोडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की नांदेडमध्ये आमच्या मोहल्ल्यात एकच वाक्य ऐकू येते, "लातूरला टाकायचं." मूल हुशार असेल तर लातूरची शिकवणी, मग नीट, मग एमबीबीएस. यंदाही आमची एक विद्यार्थिनी अम्मी-अब्बांसोबत घरी आली. अब्बांनी सगळे ठरवलेच होते. अकरावीला जीवशास्त्र घ्यायचे आणि गणित सोडायचे. नीटला गणित लागत नाही, तेवढाच वेळ वाचेल.

मुलगी गप्प होती. निघताना हळूच म्हणाली, "सर, दादी दवाखान्यात होत्या तेव्हा एक मशीन चादर टाकून ठेवलं होतं. इंजिनिअर बाहेरून येईल, असं सिस्टर म्हणाल्या. तो इंजिनिअर काय शिकलेला असतो?"

आम्ही त्यांना पुन्हा बसवले. या शिक्षणाला बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणतात. चार वर्षांच्या पदवीत इलेक्ट्रॉनिक्स, गणित आणि संगणक यांच्याबरोबर शरीररचनाही शिकावी लागते. ईसीजी, डायलिसिस, व्हेंटिलेटर ही यंत्रे बनवणे, बसवणे, त्यांची अचूकता तपासणे हे या लोकांचे काम.

कोरोनात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर आठवा. ते बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडते. प्राणवायू असलेले रक्त एक प्रकाश जास्त शोषते, नसलेले दुसरा. दोन्हींच्या गुणोत्तरावरून आकडा निघतो. ही युक्ती जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडली. म्हणजे त्या आकड्यामागे जीवशास्त्र आहे, तसे गणितही आहे. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर व इंजिनिअरांनी मिळून हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवली गेली.

पालकांनो, मुद्दा एवढाच आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच. अकरावीत गणित सोडले की हे दार बंद होते. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतले तर नीटही देता येते आणि सीईटीही. मेहनत वाढते, हे खरे.

खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. ही पदवी घेऊन कोणी डॉक्टर होत नाही. ही शाखा मोजक्याच महाविद्यालयांत आहे, त्यासाठी बहुधा मुंबईकडे जावे लागते. मुलीला दूर पाठवायचे नसेल तर आणखी एक वाट आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन शिकून पुढे गेट परीक्षेतून बायोमेडिकलच्या एम.टेक.कडे वळता येते. आयआयटी मुंबईतही हा अभ्यासक्रम आहे.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नीट तर द्यावीच लागेल." मुलगी म्हणाली, "देईन अब्बा, पण गणित राहू द्या."

अर्जात दोन्ही विषय लिहिले गेले. पुढे ती डॉक्टर होईल की इंजिनिअर, अल्लाह जाणे. आपल्या घरात अकरावीचा अर्ज भरायचा असेल तर गणितावर काट मारण्यापूर्वी एकदा मुलालाही विचारा.