अंगठा मुलाचा, पाय आईचा!

पूर्णा तालुक्यातील एक शेतमजूर गेल्या वर्षी आमच्याकडे रुग्णालयाचा कागद घेऊन आला. आई सत्तरी ओलांडलेली, जुना मधुमेह, पायाची बोटे काळी पडलेली. एका रुग्णालयाने गुडघ्याखाली पाय कापण्याचे ठरविले आणि संमतीपत्रावर मुलाचा अंगठा घेतला. आई शुद्धीवर होती, बोलत होती. तिला कोणी विचारले नाही. पाय गेला. रक्तवाहिनी मोकळी करून तो वाचला असता काय, हे आम्ही वकील सांगू शकत नाही. परंतु तो प्रश्नच त्या कागदावर कुठे नव्हता. आमचे भांडण तेथेच आहे.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलँड शहरात अशीच एक ८२ वर्षांची वृद्धा होती. पाय सडत चाललेला. सल्ला कापण्याचाच होता. तिने साफ नकार दिला. डॉ. चार्ल्स डॉटर यांनी एक्स-रेच्या पडद्यावर पाहत तिच्या मांडीतील आकसलेल्या रक्तवाहिनीतून तार आणि नळी सरकवली. वाट मोकळी झाली, रक्त वाहू लागले आणि ती शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. म्हणजे ही विद्या मुळात एका म्हातारीच्या नकारातून पुढे आली. आज तिला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात.

तिचे तत्त्व साधे आहे. एक्स-रे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर आतले पाहायचे आणि सुईच्या छिद्रातून काम करायचे. फुगा फुगवून रक्तवाहिनी रुंद करणे, अडकलेल्या पित्ताला वाट देणे, यकृतातला पू नळीने काढणे. पुष्कळदा तेवढी जागा बधिर करून भागते. ज्यांना पूर्ण भूल आणि मोठी चिरफाड सोसत नाही, अशा थकलेल्या देहांना याचाच आधार. अर्थात ही जादू नव्हे. रंगद्रव्याने मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तस्राव होऊ शकतो, काही रुग्णांना काहीही न करणेच हिताचे असते. पण हे तपासून ठरावे. ‘वय झाले, घरी न्या, सेवा करा’ या एका वाक्यात नव्हे!

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी. तातडीचा प्रसंग नसेल तर नातेवाइकाची सही तिची जागा घेऊ शकत नाही. पर्याय आणि धोके समजावून सांगणे हाही त्याच संमतीचा भाग आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चे कलम २० सांगते की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सुविधा असावी व तिचा प्रमुख वृद्धसेवेचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी असावा. संविधानाच्या कलम ४१ मध्ये वार्धक्य आणि आजारपण हे दोन्ही शब्द आहेत. ‘ते केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे’ असे कोणी म्हणेल. त्यांनी पश्चिम बंग खेतमजूर समितीचा १९९६ चा निकाल वाचावा. कलम २१ खालील जीविताच्या रक्षणासाठी पैसा नाही ही सबब शासनाला चालणार नाही, असे तेथे बजावले आहे.

आता पैशाची बाजू. महात्मा फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण कार्ड बिल भरते, फुगा घालणारा हात पुरवत नाही. जिंतूर किंवा पालमच्या मजुराला म्हातारी नांदेडला अथवा छत्रपती संभाजीनगरला न्यायची तर गाडीभाडे आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब कोण देणार? परभणीकरांनी आंदोलने करून मिळवलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. ते केवळ डॉक्टर घडविण्यासाठी नाही, आपल्या आया वाचविण्यासाठीही आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी निवेदनांची छायाचित्रे काढण्यापेक्षा १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. विचारावे : कलम २० खालील सुविधा कोठे आहे आणि तिचा प्रमुख कोण? प्रतिमा पाहून सुईने होणाऱ्या कोणत्या प्रक्रिया येथे होतात, आठवड्यातून किती दिवस? तज्ज्ञांची किती पदे मंजूर, किती भरलेली? होत नसेल तर रुग्ण कोठे पाठवतात आणि वाहन कोण देते? ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले की जनहित याचिकेचे पहिले पान तयार.

आणि एक काम घरातले. उद्या कोणी आपल्यापुढे संमतीपत्र सरकवले, तर अंगठा उमटवण्याआधी खाटेकडे वळा आणि विचारा, ‘माय, तुला काय वाटतं?’ पाय तिचा आहे.