‘हो’ म्हणालात की ‘नाही’ ते सांगा, रील नंतर पाठवा

आपल्या लोकांची एक सवय मला आता सहन होत नाही. नेता आपला की परका, हे आपण त्याच्या फोटोवरून ठरवतो. रमजानमध्ये टोपी घालून इफ्तारला बसला, ईदला चौकात बॅनर लावलं, कुठल्या तरी मोर्चात दोन मिनिटं माईक हातात घेतला, की झालं. स्टेटसला तोच व्हिडिओ, खाली ‘शेर’ आणि तीन आगीचे इमोजी. त्याच माणसाने सभागृहात बटण कुठलं दाबलं, हे त्या व्हिडिओत नसतं आणि आपण विचारतही नाही.

गेल्या वर्षी अमेरिकेचं सरकार बंद पडलं तेव्हा ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. पुसेगावात बसून अमेरिकेचं काय, असं वाटेल. पण तिथे आपल्याच भाषेचा एक खासदार आहे. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, १९७९ला अमेरिकेला गेले, आज मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून, म्हणजे डेट्रॉइट भागातून, डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी. त्यांचं मराठीतलं आत्मचरित्र आपल्याकडच्या वाचनालयांतही असतं.

आधी ‘शटडाऊन’ म्हणजे काय ते. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर ज्या खात्यांकडे पैसा नाही ती बंद. काही कर्मचारी बिनपगारी घरी, काही बिनपगारी ड्युटीवर. आपल्याकडे असं होत नाही, कारण बजेट लांबलं तर लेखानुदान घेतात आणि लोकसभेत पैशाच्या मागणीवर सरकार हरलं तर सरकारच जातं. तिथे राष्ट्राध्यक्ष जागेवर राहतो, कारकुनाचा पगार थांबतो. २०२५मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस हे चाललं. त्यांच्या तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात लांबलेलं. नोव्हेंबर उजाडला तसं गरिबांच्या धान्य-मदतीचं पैशाचं कार्ड अडकलं. त्या योजनेवर सुमारे ४ कोटी २० लाख लोक जगतात. रेशन दुकानापुढे थम्ब लागत नाही म्हणून परत फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या काळात दोन्ही पक्षांनी मेसेजचा पाऊस पाडला. रिपब्लिकन म्हणाले, डेमोक्रॅट अडवतायत. डेमोक्रॅट म्हणाले, दोन्ही सभागृहं तुमची, राष्ट्राध्यक्ष तुमचा, दोष आमचा कसा? शिवाय आरोग्य विम्यावरची जी सवलत डिसेंबरअखेर संपणार होती, ती वाढवा, मग बोलू.

आता गंमत बघा. या ४३ दिवसांत ठाणेदारांच्या सभागृहात या विषयावर मतदान झालं किती वेळा? एकदा. शेवटच्या दिवशी. १९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने तात्पुरत्या खर्चाचं विधेयक २१७ विरुद्ध २१२ने मंजूर केलं आणि सभापती माइक जॉन्सन यांनी सभागृहाला घरी पाठवलं, ते थेट १२ नोव्हेंबरला परत बोलावलं. मधले ५४ दिवस भांडण सिनेटमध्ये, कारण तिथे ६० मतं लागत होती आणि ती मिळत नव्हती. म्हणजे प्रतिनिधीगृहातल्या चारशेवर सदस्यांनी त्या काळात जे काही केलं, ते बोलणं होतं. बोलण्याला माझी ना नाही. पण आपण ‘लढतोय’ म्हणून टाळ्या वाजवतो तेव्हा लढाईचं मैदान उघडं आहे की बंद, एवढं तरी बघावं.

१२ नोव्हेंबरला २२२ विरुद्ध २०९ने बंद संपला. डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा जण सरकारसोबत गेले. त्या सहांत ठाणेदार नाहीत. ते विरोधात. विम्याची सवलत त्या करारात नव्हती, म्हणून विरोध. इथे बोलणं आणि मत जुळलं. याच ठाणेदारांचं त्याच वर्षीचं दुसरं प्रकरण मात्र आठवा. २८ एप्रिलला त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं दाखल केली. मे महिन्याच्या मध्यावर सभागृहात उभे राहून, मतदानाला घेणार म्हणून नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी, आपल्याच पक्षाच्या लोकांनी डोळे वटारल्यावर, विषय मतदानाला घेतलाच नाही. बातमी झाली, नाव झालं, मत झालं नाही. मला ते पटलं नाही. हरणार हे आधीच माहीत होतं तर नोटीस द्यायची नव्हती, आणि दिली तर हरायला तयार राहायचं होतं.

पण माझा खरा मुद्दा ठाणेदार नाहीत. बेळगावचा एक माणूस डेट्रॉइटमधून निवडून येतो आणि त्याने कुठल्या तारखेला काय मत दिलं, हे मी सेनगाव तालुक्यातल्या एका गावात मोबाईलवर पाहू शकतो, नावासकट. आणि माझ्या स्वतःच्या आमदाराने काय मत दिलं, ते मला कळत नाही. कळूच शकत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही.

१० जुलै २०२५. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं. सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवता येईल, तिच्याशी संबंध ठेवणाऱ्याला आत टाकता येईल, असा हा कायदा. आपल्या पोरांना ‘संबंध’ या शब्दाची भीती का वाटते हे या मासिकात सांगायची गरज नाही. मंजूर कसं झालं? आवाजी मतदानाने. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘होय’ म्हणा, विरोधातले ‘नाही’ म्हणा, आवाज ऐकून निकाल. कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, याची नावानिशी नोंद नाही. विरोध उघड नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. एकट्याने. विधेयक आधी संयुक्त समितीकडे गेलं होतं, समितीत विरोधी पक्षांचे मोठे मोठे नेते होते, आणि समितीच्या अहवालाला त्यांची भिन्नमतपत्रिका जोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मात्र विरोधकांनी सभात्याग केला, आणि नंतर हेच पक्ष याच कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. रस्त्यावरचे फोटो आपण शेअर केले. १० जुलैला मतविभागणी का मागितली नाही, हे किती जणांनी विचारलं?

आमच्या हिंगोलीचे आमदार तानाजी मुटकुळे भाजपचे, त्यांचं मत कुठे असेल याचा अंदाज मी बांधू शकतो. पण लोकशाहीत मी माझ्या आमदाराच्या मताचा अंदाज बांधावा, ही काय रीत झाली? आणि विरोधी पक्षाच्या आमदाराबद्दल तर अंदाजही बांधता येत नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडातून ‘नाही’ निघालं की नुसतीच जांभई, देव जाणे.

मतविभागणी ही कागदी गोष्ट नाही. आमच्याच जिल्ह्यातला माणूस त्यासाठी निलंबित झाला आहे. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं आली. विरोधक मतविभागणी मागत होते. गोंधळात उपसभापतींनी आवाजी मतदान उरकलं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यात कळमनुरीचे राजीव सातव होते. त्यांच्या पक्षाबद्दल माझी तक्रार पुढे येतेच आहे, पण त्या दिवशी ते योग्य गोष्टीसाठी उभे होते. सोयाबीन पावसात कुजतं तेव्हा ते हिंदूचं की मुसलमानाचं बघून कुजत नाही, आणि त्या सोयाबीनच्या बाजाराचा कायदा कोणाच्या मताने झाला हे दोघांनाही कळायला हवं होतं. (पुढच्या वर्षी ते कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना आणि आवाजीच.)

जिथे मतविभागणी झाली तिथे काय दिसतं, तेही बघू. कडू आहे. ऑगस्ट २०१९, राज्यसभा, यूएपीए दुरुस्ती. संघटनेला सोडून एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करण्याची ताकद सरकारला देणारी. पी. चिदंबरम आणि दिग्विजय सिंह यांनी भाषणात चांगले प्रश्न विचारले. ती भाषणं आपल्या ग्रुपवर फिरली. मत पडलं तेव्हा काँग्रेस बाजूने. १४७ विरुद्ध ४२. त्याच्या काही दिवस आधी, ३० जुलैला, तीन तलाक विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ने मंजूर झालं. विरोध जाहीर करणारे जेडीयू आणि अण्णाद्रमुक बाहेर निघून गेले. शरद पवार आणि प्रफुल्ल पटेल मतदानाला नव्हते.

त्या कायद्याबद्दल आपल्यात दोन मतं आहेत, असू देत. आपल्या बहिणींचंही ऐकलं पाहिजे. मी बोलतोय ते गणिताबद्दल. साधं विधेयक हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होतं. तुम्ही बाहेर गेलात की हजर संख्या घटते, लागणारा आकडा खाली येतो. निषेध म्हणून केलेला सभात्याग सरकारला पायरी करून देतो. घोषणा देत बाहेर पडणारा खासदार टीव्हीवर शूर दिसतो आणि आत विधेयक सोपं होतं. अशा माणसाला आपण ‘आपली बाजू घेतली’ म्हणतो!

वक्फ दुरुस्तीच्या वेळी वेगळं झालं. ३ एप्रिल २०२५च्या पहाटे लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, मग राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. हरलो. पण कोण कुठे उभं होतं ते छापलं गेलं. आमचे खासदार नागेश पाटील आष्टीकर ज्या पक्षाचे, त्या ठाकरेंच्या शिवसेनेने विरोधात मत दिलं. हाच पक्ष, तेव्हा न फुटलेला, डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत नागरिकत्व दुरुस्तीच्या बाजूने होता आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग करून बाहेर. मी हे जुनं उकरून काढतोय असं काही दोस्त म्हणतील. पक्ष बदलू शकतो, बदलावाच. बदल मोजायला नोंद लागते, एवढंच म्हणतो. नोंद होती म्हणून २०१९ आणि २०२५ शेजारी ठेवता आलं.

कोणी म्हणेल, व्हिप असतो. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला स्वतःचं मत उरलंच कुठे, मग नोंद कशाला? अरे, मग तर अजून सोपं. पक्षाचं मत लिहून ठेवा. व्हिप मोडणाऱ्याचं नाव कळेल, पाळणाऱ्याचंही, आणि त्या दिवशी ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणणाऱ्याचंही.

आणि शटडाऊन आपल्याकडे नाही असं मी वर म्हणालो, ते दिल्ली-मुंबईपुरतं. हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. २०२५ साल संपलं तरी निवडणूक झाली नव्हती. अमेरिकेत ४३ दिवसांत आरडाओरड झाली, इथे निवडून दिलेल्या सदस्याशिवाय तीन वर्षं उलटून गेली आणि शाळेची गळकी खोली कोणाला दाखवायची हे माहीत नाही. ओबीसी आरक्षण, कोर्ट, प्रभागरचना अशी कारणांची माळ आहे. दोन्ही बाजूंचे नेते एकमेकांकडे बोट दाखवतात. पण ७ मार्च २०२२ला प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारी विधेयकं विधिमंडळात एकमताने मंजूर झाली होती. एकमताने, म्हणजे आज भांडणारे सगळे त्या दिवशी एकाच बाकावर. त्या वेळी कुणीही रील काढली नाही.

म्हणून पुसेगावच्या पोरांना माझं सांगणं आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक लागेल तेव्हा गाड्या येतील, आणि उमेदवारासोबत आमदार-खासदारही येतील. चहा होईल, सलाम होईल, मशिदीच्या कंपाऊंडला पैसे देतो म्हणतील. घ्या. पण चहा थंड होण्याआधी विचारा, जनसुरक्षाच्या वेळी तुमच्या पक्षाने मतविभागणी मागितली होती का, आणि पुढच्या विधेयकाला मागाल का. मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरूनच विचारा, व्हिडिओची आवड त्यांनाही आहे.