छप्पर आणि यतना



ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या, १९६०च्या दशकातील वसाहतींपैकी एक. तेथील जुन्या गाळ्यांवर आजही सिमेंटचे पत्रे दिसतात. बँकेत असताना असे गाळे तारण घेताना आम्ही दस्तऐवज बारकाईने तपासले. छपराकडे मात्र मान वर करून पाहिले नाही.

अशा जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड असेल तर धोका अल्प. तो फोडला वा कापला की सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात रुततात. त्यातून होणारा कर्करोग कित्येक दशकांनी प्रकटतो. हे तंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून दुरुस्ती काढण्यापूर्वी जाणकाराकडून, पत्रा ओला करून, लहानसा तुकडा घ्यावा आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. आपला पत्रा उतरवणारा रोजंदारीचा मजूर मात्र कोणत्याच नोंदवहीत नसतो. पाणी गाळून पिणारे आपण; त्याच्या श्वासाची यतनाही आपलीच. तपासणीचा खर्च दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत धरावा.