जामीन मिळाला, तरी पोलीस दारात का?

रिक्षात बसलेले असताना मागून बाइकवरून कुणी तुमचा मोबाइल हिसकावला, की पोलीस ठाण्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: 'रेकॉर्डवरचाच असणार कुणीतरी.' मग रेकॉर्डवरचा आहे तर तो बाहेर कसा, असं तुमच्या मनात येणारच.

कारण साधं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं शिक्षा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर 1 ते 5 वर्षं. खरी मेख आहे ती 'दोषी ठरला तर' मध्ये. खटले रखडतात आणि नावावर पाच-सहा गुन्हे असलेला पोरगा कायद्याच्या लेखी एकदाही दोषी ठरलेला नसतो. त्याला बेमुदत आत ठेवता येत नाही आणि ठेवूही नये.

म्हणून मग 'वॉच'. आठवड्याला ठाण्यात हजेरी, बीटवरच्या हवालदाराची घरी फेरी, चांगल्या वर्तणुकीचा बाँड आणि फारच झालं तर महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपारी, कमाल 2 वर्षं.

यातली हजेरी ही कोर्टाची अट असू शकते. ती मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो, आणि यात मला तरी काही गैर वाटत नाही. पण घरची फेरी? 1962 साली खरकसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने रात्री-अपरात्री घरी जाऊन तपासणी करणं घटनाबाह्य ठरवलं. हा माणूस दरोड्याच्या केसमध्ये पुराव्याअभावी सुटलेला होता, तरी त्याची हिस्ट्रीशीट उघडली गेली होती! जुलै 2024 मध्ये तर कोर्टाने आणखी स्पष्ट सांगितलं: आरोपीने गूगल मॅप्सवर आपलं लोकेशन पोलिसांना सतत दाखवत राहावं, अशी अट जामिनाला घालता येणार नाही. ती केस ड्रग्जची होती, मोबाइलचोरीची नव्हे. म्हणजे तिथे चालत नाही ते इथेही चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, चोराचे एवढे लाड कशाला? पण या यादीत नाव कुणाचं येतं तेही बघा. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 मध्ये रद्द झाला, त्याजागी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. आजही चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, अशी तक्रार कायम असते. मे 2024 मध्ये कोर्टाने हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो जाहीर करायचा नाही, असं बजावलं ते उगाच नाही.

तडीपारी करायची तर आधी नोटीस द्यावी लागते, बाजू ऐकावी लागते. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपीलही करता येतं. हवालदाराच्या फेरीला मात्र यातलं काहीच लागत नाही.