कर्जरोख्यामागे गेलेला कायदा

१२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. खतावण्या व कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले, दुकाने लुटली गेली. पाहता पाहता हा वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने फौजफाटा आणला, ९५१ जणांना पकडले आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा ठोठावल्या. हे सर्व उरकल्यानंतर, हे लोक असे का वागले याचा शोध घेण्यासाठी आयोग नेमण्यात आला.

आयोगासमोर जे आले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला. त्याच सुमारास, १८६७ मध्ये इंदापूरपासून सुरुवात करून, जमीन महसुलाची फेरआकारणी झाली व सारा वाढला. पत आटली, सावकाराने हात आखडला, आणि निरक्षर कुणब्याने अंगठा उठविलेला कागद न्यायालयात ब्रह्मवाक्य ठरू लागला. दंग्याचा रोख माणसांपेक्षा त्या कागदावर होता, हेही निदर्शनास आले. या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मास आला. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचे बंधन त्याने दिवाणी न्यायाधीशावर घातले, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडण्याची प्रथाही बंद केली. करारनामा पवित्र मानणाऱ्या त्या काळात हे पाऊल लहान नव्हते.

हे शहाणपण दिवाणी न्यायालयात शिरले. फौजदारी न्यायालयाच्या उंबरठ्यावर मात्र ते दीर्घकाळ ताटकळत राहिले, आणि खालच्या पायरीवर आजही ताटकळत आहे.

सुप्याच्याच अवर्षणप्रवण पट्ट्यात लोणी भापकर वसले आहे. तालुका एकच, पण नीरा डाव्या कालव्याखालचे ऊसमळे आणि हा जिरायती माथा यांचे अर्थकारण दोन निराळ्या देशांचे वाटावे इतके भिन्न आहे. समजा, अशा एखाद्या गावातील विहिरीवरून पाण्याची मोटार चोरीस गेली आणि दोघे पकडले गेले. एक ऊसतोडीच्या फडाफडांतून वाढलेला, त्यापायी शाळा सुटलेला तेवीस वर्षांचा मजूर. दुसरा चोरीच्या मोटारींची तांब्याची तार विकणारा, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी दलाल. कलम एकच, पुरावाही एकच. दोघांना सारखीच शिक्षा देणे हे वरकरणी समतेचे दिसते. पण दलालाच्या सहा महिन्यांच्या कैदेत त्याचे घर चालते, तर मजुराच्या सहा महिन्यांत मुकादमाची उचल फिटत नाही व ती बायकोमुलांच्या डोक्यावर बसते. ज्याचे ओझे इतके असमान, त्या शिक्षेला समान म्हणणे हा केवळ शब्दांचा खेळ होय.

परिस्थितीची दखल घेतली की गुन्ह्यावर पांघरूण घातले जाते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. बहुसंख्य गरीब चोरी करीत नाहीत, हे त्यातील सत्य कोणीही नाकारू नये. अपराध सिद्ध झाला की तो सिद्धच राहतो. परिस्थितीचा विचार शिक्षा किती व कोणती, एवढ्यापुरता आहे. शिवाय हा विचार शिक्षा नेहमी खालीच आणील असे नाही. पतसंस्थेतील ठेवी गिळणाऱ्या सुशिक्षित, सुस्थित संचालकाची परिस्थिती तपासली तर त्याची शिक्षा वाढावयास हवी. आणि ज्याची मोटार गेली त्या शेतकऱ्याचे काय? चोर तुरुंगात गेल्याने त्याच्या विहिरीचे पाणी वर येत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या पाचव्या कलमान्वये, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या अपराध्याकडून भरपाई देवविता येते. या तरतुदीकडे न्यायालयांनी अधिक लक्ष दिले तर पीडिताच्या पदरात काही पडेल.

खरे पाहता अपराध्याचा परिसर आपल्या व्यवस्थेने कधीच दुर्लक्षिला नाही. तो बहुधा फिर्यादी पक्षाच्या बाजूने वापरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच पुरावा ठरविला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसे डांबली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला, आणि पारध्याकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलली नाही. १९९८ च्या जूनमध्ये बारामतीत पारधी समाजातील एका मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, ही घटना तालुक्याने विसरावी अशी नाही. तुरुंग नियमावल्यांतील विमुक्त जमातींविषयीच्या भेदभावाच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या त्या थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

फाशीच्या प्रकरणांत हा प्रश्न अधिक भीषण रूपात समोर येतो. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा असे सांगितले असता १९९६ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका निकालाने गुन्हेगार नव्हे, गुन्हाच पाहावा असे म्हटले. या विधानाची री ओढीत ३० एप्रिल २००९ रोजी महाराष्ट्रातील भटक्या जमातींतल्या सहा मजुरांची फाशी कायम झाली. अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे रोजी, संतोष बरियार खटल्यात ते विधानच चुकीचे असल्याचे न्यायालयाने नमूद केले. ते सहाही जण मार्च २०१९ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तोवर सोळा वर्षे गेली होती.

मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने, आरोपीचे बालपण, शिक्षण, आर्थिक स्थिती व मानसिक अवस्था यांची माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा करावी, असे बजावले. निकाल स्वागतार्ह आहे, पण तो फाशीच्या खटल्यांपुरता आहे. मोटारचोराची परिस्थिती कोण पाहणार? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने पाच हजार रुपयांच्या आतील पहिल्या चोरीसाठी, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली हे ठीक झाले. त्याच संहितेच्या ११२ व्या कलमाने मात्र टोळीचा सदस्य म्हणून केलेल्या किरकोळ चोरीलाही किमान एक वर्षाची कैद सांगितली आहे. ज्या समाजात सारे कुटुंबच पालावर एकत्र राहते व एकत्र फिरते, त्या कुटुंबाला टोळी म्हणणे किती सोपे आहे हे वेगळे सांगावयास नको.

नवा कायदा करण्याची फारशी आवश्यकता नाही. परिवीक्षा कायद्याच्या सहाव्या कलमान्वये एकवीस वर्षांखालील अपराध्याला कैद देण्याचा विचार करताना परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविणे न्यायालयास बंधनकारक आहे. वयाची ही अट काढून टाकावी, कैदेच्या प्रत्येक शिक्षेपूर्वी असा अहवाल यावा, आणि तो लिहिणारा अधिकारी पोलीस ठाण्याच्या नोंदवहीवर न विसंबता आरोपीच्या गावी वा पालावर जाऊन आलेला असावा. त्यासाठी तालुक्यागणिक एक पूर्णवेळ परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा खर्च राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात धरावा.