शील पाठ होते, पण रुजते का?

दररोज सायंकाळी वंदनेत आमची मुले पंचशील ग्रहण करतात. उच्चार शुद्ध, स्वर एकमुखी. तरीही परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका न्याहाळण्याचा मोह त्याच मुलांना होतो. दोष मुलांचा की आमचा, हे आम्ही शिक्षकांनी स्वतःस विचारले पाहिजे.

पंचशील ही कुणाची आज्ञा नव्हे. प्रत्येक शील ‘मी ग्रहण करतो’ अशा अर्थाने म्हटले जाते. बुद्धांनी कालामांनाही हेच सांगितले : परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून स्वीकारू नका, स्वतः पारखा. बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ रोजी; धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एकवीस वर्षे पारख करणाऱ्या महामानवाचे आम्ही अनुयायी चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती तयार मूल्ये देतो आणि प्रश्न विचारल्यास रागावतो.

त्याच १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. आमची वाट निराळी असली, तरी प्रार्थनेला ग्रामसफाईची व श्रमाची जोड देणारी त्यांची दृष्टी आम्हांस आदरणीय वाटते. जे हातून घडत नाही, ते मनात टिकत नाही.

एक कबुली द्यावीशी वाटते. पूर्वी एका विद्यार्थ्याने आपण होऊन सांगितले, “सर, मी चिठ्ठी नेली होती.” आम्ही त्यास वर्गासमोर उभे केले. त्यानंतर त्या वर्गातून एकही कबुली आली नाही. आम्ही शिक्षा दिली चुकीला. मुलांनी ती खरे बोलण्याची शिक्षा मानली.

म्हणून आता आम्ही मुलांना आठवड्यातून एकदा वहीत लिहावयास सांगतो : कोणत्या कृतीची लाज वाटली, कशाचा अभिमान वाटला, आणि का? त्या ‘का’मध्येच मुलाचे स्वतःचे मूल्य दडलेले असते. मग त्याने पुढील आठवड्यासाठी एकच लहान कृती ठरवावी व स्वतःच तपासावी. ती वही आम्ही वाचत नाही, तिला गुणही देत नाही.

पालकांस विनंती एवढीच : मूल सुट्टीत घरी आल्यावर प्रथम टक्के विचारू नका. कॉपी न करता कमी गुण मिळाले असतील, तर त्या प्रामाणिकपणाची पाठ थोपटा. शील वसतिगृहात पेरले, तरी त्यास पाणी घरीच मिळावयाचे असते.